साळ्याचा जावई आणि सात फूट बर्फ

सध्या आमच्या सोयऱ्यांच्या मोबाईलवर एक व्हिडिओ फिरतोय. त्यात मी आहे. डोक्यावर माकडटोपी, तिच्यावरून मफलर, अंगात एकावर एक दोन स्वेटर, खांद्यावर घोंगडी आणि समोर पऱ्हाट्यांची शेकोटी. खाली मथळा : 'मामाजी अंटार्क्टिकात!'

हे कर्तृत्व माझ्या साळ्याच्या जावयाचं. राहतो अमेरिकेत, बफेलोला. वर्धा जिल्ह्यात आर्वीकडच्या आमच्या गावी हुरडा खायला आला होता. सकाळी सात वाजता अर्ध्या चड्डीवर आणि टी-शर्टवर अंगणात उभा. मोबाईलमध्ये पारा बघून म्हणतो, "मामाजी, फक्त नऊ डिग्री? आमच्याकडे एवढ्यात लोक आइस्क्रीम खातात." आता जावई माणूस, त्यातून साळ्याचा. स्वतःच्या जावयाला एखादा शब्द तरी बोलता येतो. साळ्याच्या जावयाला बोललं तर रात्रीचं जेवण आपल्यालाच मिळत नाही. मी धूर डोळ्यात गेल्यासारखं केलं.

पण शेकोटीपाशी शेजारचे नानाजी होते. त्यांना ना जावयाची भीती ना बफेलोची.

"कितीक पडते मंते बर्फ?"

"एकदा सात फुटांपर्यंत पडला होता, नानाजी."

"अख्ख्या सालात?"

"नाही हो, तीन-चार दिवसांत. 2014 च्या नोव्हेंबरात. शहराच्या दक्षिणेला पाच-सात फूट आणि उत्तरेला जेमतेम काही इंच."

नानाजींनी मान डोलावली. "2014 ले आमच्या इथंही गारपीट झाली. गहू झोपला, हरबरा झोपला. संत्र्याचा तं आंबिया बहारच गेला. तुमचा पंचनामा झाला का?"

"कसला पंचनामा?"

"सात फुटाचा. तलाठी आलता का नाई?"

"तिकडे तलाठी नसतो."

"मंग मोजलं कोणं?"

जावई उत्साहानं सांगायला लागला. हवामान खात्याची माणसं असतात, पांढरी रंगवलेली एक फळी उघड्यावर ठेवतात, तिच्यावर साचलेला बर्फ पट्टीनं मोजतात, मग फळी पुसून पुन्हा ठेवतात. नानाजी म्हणाले, "म्हंजे पाटावर मोजते. आमचा तलाठी तं बांधावरही येत नाई, रस्त्यावरूनच मोजते."

मग जावयानं शास्त्र सांगितलं. बफेलो एरी सरोवराच्या काठावर. हिवाळा लागला तरी सरोवराचं पाणी लवकर गार होत नाही. कॅनडाकडून बर्फाळ वारा त्या कोमट पाण्यावरून येतो, वाफ उचलतो आणि काठावर येऊन बर्फ टाकतो. तोही पट्ट्यापट्ट्यानं. सरोवर गोठलं की जोर कमी होतो. यातलं नानाजींना सगळं पटलं. मृगाचा पाऊस या बांधावर पडतो आणि त्या बांधावर पडत नाही, तशातली गत. बिनसलं ते मिठावर.

"रस्त्यावर मीठ टाकतात. मिठानं बर्फ वितळतो."

"दरसाली?"

"दर हिवाळ्यात. ट्रक भरभरून."

"अन् जमीन खारी नाई होत?"

जावई गप्प झाला. नानाजींची थोरली लेक दर्यापूरकडे खारपाणपट्ट्यात, म्हणजे जिथं जमिनीतलं पाणीच खारं तिथं, दिलेली आहे. तिच्या घरच्या पाण्याचा चहा पिऊन आलेला माणूस रस्त्यावर ट्रकनं मीठ टाकणाऱ्यांना सहजासहजी सोडत नाही. तो विषय बराच वेळ चालला.

"बरं, दारापुढचा बर्फ कोण काढते?"

"घरासमोरची पायवाट घरमालकानंच साफ करायची. नाही केली तर दंड."

"म्हंजे पडला देवाचा, वाट सरकारची अन् फावडं तुमचं?"

"फावडं म्हणजे... मी नाही काढत. एकाला सीझनचं कॉन्ट्रॅक्ट दिलंय. पहाटे गाडी घेऊन येतो, साफ करून जातो."

नानाजी पहिल्यांदाच ताठ बसले. "सालदार ठेवला म्हणा की! कवापासून कवापर्यंत?"

"नोव्हेंबर ते एप्रिल."

"बराबर. आमचा सालाचा गडीही पाडव्यालेच सुटते."

मी टोपीच्या आत हसलो. म्हणजे या गड्यानं सात फुटांतला एक फूटही स्वतः उचललेला नाही. घरात एकवीस डिग्रीचं हीटर. गॅरेजमधून थेट गाडीत, गाडीतून थेट ऑफिसात. थंडी बघतो ती काचेतून. आणि आइस्क्रीमच्या गोष्टी मला सांगतो.

आमच्याकडे थंडी घरातच मुक्कामाला असते. आमची घरं बांधली आहेत मे महिन्यासाठी. उंच आढं, कवेलूंच्या फटी, वारा खेळावा म्हणून समोरासमोर दारं. नागपूरनं 23 मे 2013 ला 47.9 अंश पाहिलेत आणि 29 डिसेंबर 2018 ला 3.5 अंशही पाहिलेत. एकच घर दोन्हीला कसं पुरावं? समुद्र लांब, हवा कोरडी, रात्री आभाळ निरभ्र. दिवसभर तापलेली जमीन आपली ऊब पहाटेपर्यंत आभाळाला देऊन मोकळी होते. त्यात उत्तरेचा वारा सुटला की मग गोधडीच्या आतही पाय पोटाशी घ्यावे लागतात. पुण्या-मुंबईचे पेपर याला 'गुलाबी थंडी' म्हणतात. मुंबईत पारा सोळावर आला की पहिल्या पानावर स्वेटरवाल्यांचा फोटो. आमचा पारा सातवर आला की आतल्या पानात दोन ओळी, त्याही संत्र्याच्या भावाखाली.

आणि घरातल्या थंडीचंही मी काही म्हणत नाही. शेताला लाईन, म्हणजे वीज, मिळते आठवडाभर दिवसा आणि आठवडाभर रात्री. गहू-हरबऱ्याचं ओलित ऐन पौषात, आणि पाळी नेमकी रात्रीची. दोन वाजता अंधारात, पिंडऱ्यांपर्यंत गार पाण्यात, एका हातात बॅटरी, एका हातात फावडं. बांधाला साप असेल, धुऱ्याला रानडुकरं. दिवसा लाईन द्या म्हणून निवेदनं देऊन झाली, मोर्चे झाले, आश्वासनं तर दर निवडणुकीला नवी कोरी मिळतात. कारखान्याला लाईन दिवसाही आणि रात्रीही. गव्हाला रात्रीच तहान लागते असं कोणी ठरवलं, त्या माणसाला मला एकदा शेतात न्यायचंय. टी-शर्टवर.

हे मी सगळं बोललो नाही. निम्मं बोललो. जावई म्हणाला, "मामाजी, मोबाईल स्टार्टर बसवा ना. घरूनच मोटर चालू."

बसवलेलाच आहे. गावात बहुतेकांकडे आहे. मोबाईल मोटर चालू करतो. दांड फोडून पाणी पुढच्या वाफ्यात घालायला मोबाईल जात नाही. तिथे मीच जातो, म्हणून ती टोपी.

नानाजींचं डोकं मात्र अजून त्या सालदारात अडकलं होतं. पऱ्हाटी आत सारत त्यांनी विचारलं, "जवाईबुवा, थो तुमचा गडी आमच्या इथं ओलितावर येईन का? रातचा. थंडीची सवय हाये त्याले."

"हिवाळ्यात तो फार बिझी असतो, नानाजी."

"तसंच असते," नानाजी म्हणाले. "कामाच्या वक्ती एक गडी भेटत नाई."