वंशजांची संमती

आमच्या फॅमिली ग्रुपवर सध्या एकच विषय पेटलाय. ऐतिहासिक कादंबरी लिहायची तर त्या घराण्याच्या वंशजांची लेखी संमती सक्तीची करावी म्हणे. पुण्याच्या काकांनी सुरुवात केली, नाशिकच्या मामेभावाने री ओढली. मी इथून, सिडनीहून दोन ओळी लिहिल्या तर उत्तर आलं, "तू तिकडे बसून आम्हाला शिकवू नकोस."

बरं, नाही शिकवत. पण ऑस्ट्रेलियन लेखिका केट ग्रेनव्हिल यांची 'द सीक्रेट रिव्हर' वाचली असती तर काकांनी ही मागणी जरा हळू आवाजात केली असती. कादंबरी २००५ ची, पुढच्याच वर्षी तिला कॉमनवेल्थ पुरस्कार मिळाला. विल्यम थॉर्नहिल हा थेम्सवरचा गरीब नावाडी. लाकूड चोरतो, फाशी होते, ती टळून ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सला जन्मठेप. इथे आल्यावर कागदोपत्री तो स्वतःच्या बायकोच्याच ताब्यातला कैदी! पुढे सुटतो, हॉक्सबरी नदीकाठची शंभर एकर जमीन बघतो आणि त्याची नियत फिरते. तिथे राहणाऱ्या आदिवासींच्या कत्तलीत तो सामील होतो. मग पैसा येतो, दगडी बंगला उठतो, आणि खडकावर कुणीतरी कधीकाळी कोरलेला मासा त्या बंगल्याखाली जातो.

हा थॉर्नहिल बेतला कुणावर? सॉलोमन वाइजमनवर. १८०६ साली इथे आणलेला कैदी आणि ग्रेनव्हिलबाईंचा सख्खा पूर्वज. वाइजमनने कुणाला मारल्याचा पुरावा नसतानाही बाईंनी हे लिहिलं. आता संमती कुणाकडे मागायची, काका? हॉक्सबरीवरच्या त्याच्या नावाच्या फेरीबोटीत गाडी घालून आम्ही फुकटात नदी ओलांडतो आणि पलीकडे डबे उघडतो. कुणाच्या भावना दुखावल्याचं माझ्या तरी कानावर नाही.

काकाही कच्चे नाहीत. "तुमच्याकडेही इतिहासकार चिडले होतेच की!" चिडले होते. गव्हर्नर फिलिपच्या काळातला थप्पड मारल्याचा प्रसंग बाईंनी उचलून बऱ्याच वर्षांनंतरच्या थॉर्नहिलच्या हातून घडवला, यावर इतिहासकार इंगा क्लेंडिनन यांनी चांगलंच झोडपलं. पण कुठे, तर निबंधात. दोघी बायका लिहून भांडल्या. हे मी ग्रुपवर ठळक अक्षरांत टाकलं.

२०२३ च्या सार्वमताचं मात्र नाही टाकलं. आदिवासींना राज्यघटनेत स्वतःचा आवाज द्यायचा का, असा प्रश्न होता आणि साठ टक्के लोक 'नको' म्हणाले. ते सांगितलं असतं तर माझी बाजू लंगडी पडली असती.

आणखी एक. सिडनीच्या केलीव्हिल उपनगरातलं आमचं घर डारुग या आदिवासी लोकांच्या भूमीवर आहे. ऑफिसच्या मीटिंगच्या सुरुवातीला ही जमीन मूळची त्यांची, अशी कबुली देणारं वाक्य मी न अडखळता म्हणतो आणि लगेच पुढच्या स्लाइडवर जातो. काही टोचत नाही. इथे मला पूर्वजच नाहीत, मग टोचेल कोण? इथल्यांची कबुली मला भारी वाटते, कारण ती द्यायला माझ्या घरातलं कुणी उभं राहत नाही.

रत्नागिरीकडे तसं नाही. पणजोबा खोत होते. त्यांच्या वसुलीबद्दल कुळांच्या घरांत काय बोललं जायचं, ते लहानपणी आमच्याही कानावर यायचं आणि आजी लगेच आम्हाला आत बोलवायची. उद्या त्या कुळांच्या एखाद्या नातीने पणजोबांवर कादंबरी लिहिली, तर छापण्याआधी मला दाखव, असं मी तिला म्हणेन का?

म्हणेन. फोन करून म्हणेन. फक्त काकांना यातलं काही कळू देऊ नका.