गाठीचा पैसा आणि काकूंचा गुडघा: एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, तुमची प्रतिक्रिया सावकाश वाचली. वय 71 असं तुम्हीच लिहिलंय, म्हणून काका म्हणते. खाली चार ओळींत उत्तर देऊन मोकळं होता आलं असतं. पण तुम्ही जे विचारलंय ते माझ्या रोजच्या कामातलं आहे, आणि हेच मनात असून न लिहिणारी माणसं पुष्कळ आहेत. म्हणून हे सविस्तर.

ज्यांनी आधीचं वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. गेल्या लेखात मी लिहिलं होतं की साठी-सत्तरी ओलांडलेल्या माणसांनी जमवलेल्या पैशातून स्वतःवर खर्च करायला हवा. चष्मा, दात, कानाचं मशीन, न्हाणीघरात गीझर, असल्या साध्या गोष्टी. त्यावर काकांचं म्हणणं असं: “ताई, तुम्ही पोस्टाच्या एजंट, आणि लोकांना खर्च करायला शिकवता? बहात्तरच्या दुष्काळात आम्ही मिलो (रेशनवरची लाल ज्वारी) खाऊन दिवस काढले, तेव्हा कुणी दारात आलं नाही. साखर कारखान्यातून निवृत्त झालो, पेन्शन तीन हजारही नाही. कोविडमध्ये मुलाची नोकरी गेली तेव्हा घर माझ्या ठेवींवर चाललं. सौ.ला गुडघ्याचं ऑपरेशन सांगितलंय, पण ते थांबू शकतं. म्हातारपणी गाठीचा पैसा गेला की माणसाची किंमत जाते. असल्या लेखांनी आमची पिढी कंजूष ठरते आणि तरुण पोरांना उधळपट्टीला निमित्त मिळतं. एवढंच असेल तर आकडा सांगा, किती ठेवायचे आणि किती खर्चायचे.”

एजंटकीपासून सुरुवात करते. मी महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजनेची एजंट आहे. ही योजना 1972 सालची, म्हणजे तुम्ही सांगता त्याच दुष्काळाच्या वर्षातली. घरोघर जाऊन आरडीचे, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कम भरायच्या ठेवीचे, हप्ते गोळा करायचे, खात्यांची यादी (शेड्यूल) करून पोस्टात भरायचे, पासबुकावर नोंद करून आणायची. महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात उघडलेल्या खात्याचा हप्ता 15 तारखेच्या आत, बाकीच्यांचा महिनाअखेरीच्या आत. चुकला तर शंभराला रुपया दंड. या भरण्यावर मला 4 टक्के कमिशन मिळतं. तेव्हा कुणी आरडी बंद करून कानाचं मशीन घेतलं तर माझं कमिशन कमी होतं. तरीही मी ते लिहिलं, कारण ज्यांच्या घरात इतकी वर्षं जाते त्यांचं काय चाललंय ते मला दिसतं.

तुमची भीती खोटी आहे असं मी म्हटलेलं नाही, आजही म्हणणार नाही. मिलोची लाल भाकरी आणि रोजगार हमीच्या कामावर खायला मिळणारी सुकडी माझ्या आईच्या बोलण्यात अजून येते. तुमच्या पेन्शनचंही मला माहीत आहे. ईपीएस-95 ची, म्हणजे पीएफ कापला जाणाऱ्या नोकरदारांची पेन्शन महागाईप्रमाणे वाढत नाही. निवृत्तीच्या दिवशी जो आकडा ठरला तोच पुढे चालू, आणि 2014 पासून किमान पेन्शन 1,000 रुपये आहे. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्याला दर काही महिन्यांनी महागाई भत्ता वाढून मिळतो, तो “खर्च करा” असं सहज म्हणू शकतो. तुम्हाला स्वतःचाच पैसा पुरवून पुरवून वापरायचा आहे.

2019 च्या ऑगस्टात आमच्या सांगलीत कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी 57 फुटांवर गेलं. पाणी ओसरल्यावर बायका ओली पासबुकं घेऊन पोस्टात आल्या, पानं एकमेकांना चिकटलेली, शाई पसरलेली. ज्यांचे 12 हप्ते भरून झाले होते त्यांना जमा रकमेच्या निम्म्यापर्यंत कर्ज मिळण्याची सोय होती. पाचशेच्या हप्त्याची खाती ती, पण त्यातून गॅसची शेगडी आली, गादी आली, पोरांची दप्तरं आली. ज्यांच्याकडे काहीच नव्हतं ते सावकाराकडे गेले, आणि त्यांतल्या काहींच्या घरात तो फेरा अजून चालू आहे. तेव्हा बचत करू नका असं माझ्या तोंडून तुम्ही कधीही ऐकणार नाही.

माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. पैसा जमला, मुदत संपली, आता तो कुणासाठी?

एक उदाहरण देते, ओळख पटणार नाही इतपत बदलून. एका काकांचे 10 लाख पोस्टाच्या सिनियर सिटिझन बचत योजनेत आहेत. सध्याच्या 8.2 टक्क्यांनी दर तिमाहीला 20,500 रुपये व्याज हातात येतं. ही योजना 2004 साली आली तीच मुळी निवृत्त माणसाला घरखर्चाला पैसे मिळावेत म्हणून. काका ते व्याज सेव्हिंगला जमा करून घेतात आणि त्यातून महिन्याला 6,000 ची आरडी भरतात, माझ्याकडेच. पाच वर्षांनी 6.7 टक्क्यांनी त्याचे 4 लाख 28 हजारांच्या आसपास होतील. “मग ते पुन्हा सिनियरला टाकू,” असं ते आनंदाने सांगतात. आणि त्याच घरात काकू हिवाळ्यात चुलीवर पाणी तापवून बादली उचलत न्हाणीघरात नेतात, कारण गीझरने बिल येतं. मी हप्ता घ्यायला जाते तेव्हा त्या कंबरेवर हात ठेवून उभ्या असतात, तांदळाच्या डब्यातून नोटा काढतात, दोनदा मोजतात आणि मला देतात. माझ्या हातात पडणाऱ्या त्या 6,000 मध्ये गीझर असतो, दोन महिन्यांत येऊ शकेल असा. तो घेऊन मी पोस्टात जाते.

याला मी कंजूषपणा म्हणत नाही. त्या काकांनी कुणाचा पैसा बुडवला नाही, कुणापुढे हात पसरला नाही. पण जो पैसा खर्चासाठी आला तो पुन्हा साठवणीत जातो, तिथून पुन्हा साठवणीत, आणि हे कधी थांबायचं ते घरात कुणीच ठरवलेलं नाही.

ही सवय कशी लागली तेही मला कळतं. तुमच्या ऐन नोकरीच्या काळात पैसा न मोडणाऱ्याला त्याचं फळ डोळ्यांदेखत मिळत होतं. 1988 साली पोस्टाचं किसान विकास पत्र आलं तेव्हा साडेपाच वर्षांत डबल व्हायचं. पीपीएफवर, म्हणजे सरकारच्या लांब मुदतीच्या बचत खात्यावर, 1986 पासून 2000 च्या जानेवारीपर्यंत 12 टक्के व्याज होतं. दहा हजारांचं पत्र घेतलं, पोरगी सहावीतून अकरावीत जाईपर्यंत वीस झाले, पुन्हा गुंतवले, तिच्या लग्नापर्यंत चाळीस. “हात लावू नकोस, वाढू दे” हा तेव्हाचा हिशेब बरोबर होता आणि त्यावर घरं उभी राहिली. आज पीपीएफला 7.1 टक्के आहेत आणि किसान विकास पत्र डबल व्हायला 115 महिने लागतात. सत्तरीत घेतलेलं पत्र डबल होईपर्यंत ऐंशी उजाडते. पोस्टाच्या सेव्हिंगला 4 टक्के, बऱ्याच बँकांत त्याहून कमी. तिथे “असू दे पडून” म्हणून ठेवलेले पैसे वाढत तर नाहीतच, औषधांच्या किमतींच्या मागे मागे पडत जातात.

आणि पडून राहिलेल्या पैशाचं पुढे काय होतं? दहा वर्षं कुणी हात लावला नाही की बँकेतली ठेव रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा होते. मार्च 2024 अखेर त्या निधीत 78 हजार कोटींहून जास्त रक्कम होती. त्यात कंपन्यांचे, ट्रस्टांचे पैसे असतीलच. पण सामान्य माणसांनी पोटाला चिमटा घेऊन ठेवलेलेही आहेत, ज्यांच्या पावत्या ट्रंकेत राहिल्या आणि मुलांना पत्ताच नव्हता. दावा केला तर ते परत मिळतात, 2023 पासून शोधायला उद्गम नावाचं पोर्टलही आहे. पण ज्याने ठेवले त्याला त्यातला रुपया मिळाला नाही, हे काही त्याने भरून निघत नाही.

आता तुमच्या घरच्या काकूंच्या गुडघ्याबद्दल बोलते. मला यावरच बोलायचं होतं, आणि हे जरा स्पष्ट बोलते, राग मानू नका. तुम्ही लिहिलंत, “ते थांबू शकतं.” पैसे थांबतात. गुडघा झिजायचा थांबत नाही. आज सहासष्टीत जे ऑपरेशन डॉक्टर करा म्हणतात, तेच पंच्याहत्तरीत भूल सोसेल का याचा विचार करून मग करू म्हणतील. मधल्या वर्षांत देऊळ सुटतं, भाजी आणणं सुटतं, मैत्रिणींकडे जाणं सुटतं, आणि माणूस पलंगापासून टीव्हीपर्यंत उरतो. गुडघ्यात बसवायच्या सांध्याच्या किमतीवर 2017 च्या ऑगस्टात सरकारने मर्यादा घातली, त्याआधी ती किंमत बरीच जास्त होती. एकदा दोन-तीन ठिकाणी खर्चाचा अंदाज लेखी मागून तर बघा. कदाचित तुमच्या मनात आहे तेवढा आकडा निघणारही नाही.

“आम्ही दोघांनी काटकसर केली” असं तुम्ही अभिमानाने लिहिलंत, तो अभिमान रास्तच आहे. पण इतक्या घरांत जाऊन माझं एक मत झालंय. काटकसर सगळ्या घराची म्हणतात, सोसते मात्र बहुतेक वेळा एकच व्यक्ती. मुलाची फी थांबत नाही, गाडीचं पेट्रोल थांबत नाही, पाहुण्यांचा पाहुणचार थांबत नाही. थांबतो तो बाईचा चष्मा, तिचे दात, तिचा गुडघा. आणि तिला विचारलं तर ती “मला काही घाई नाही” असंच म्हणते, कारण तिला आयुष्यभर तेच म्हणायची सवय आहे. म्हणून हा निर्णय काकूंना विचारून झालाय का, हे मला तुम्हाला विचारावंसं वाटतं. पासबुकात किती आहेत हे त्यांना माहीत आहे का? बऱ्याच घरांत बाईला नवरा गेल्यावर कळतं की घरात एवढा पैसा होता, आणि त्या वेळी तिच्या चेहऱ्यावर जे दिसतं ते सुटकेचं नसतं.

तरुण पोरांबद्दल तुमच्याशी माझं फारसं दुमत नाही. क्रेडिट कार्डाची थकबाकी महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याजाने वाढते, हे वीस-बावीस वर्षांच्या मुलाला कुणी सांगत नाही, आणि ते त्याला बापाने सांगायला हवं. पण त्यांची उधळपट्टी थांबावी म्हणून काकूंनी लंगडत राहायचं, हा उपाय मला पटत नाही.

आकडा मागितलात, तो तुमच्या घराचा खर्च पाहिल्याशिवाय मी काय, कुणीच सांगू शकणार नाही. पण मी गिऱ्हाइकांबरोबर बसते तेव्हा काय करते ते सांगते. आधी वर्षाचा खरा खर्च काढायचा, किराणा-लाइटबिलापासून श्रावणातल्या पूजेपर्यंत. तेवढी रक्कम कधीही मोडता येईल अशी ठेवायची, म्हणजे मुलावर पुन्हा वेळ आली तरी घर हलणार नाही. आजारपणासाठी वेगळी ठेव, पण त्याआधी हक्काचं आहे ते पदरात पाडून घ्यायचं. 70 वर्षं पूर्ण झालेल्यांना ऑक्टोबर 2024 पासून उत्पन्नाची अट न ठेवता सरकारच्या आयुष्मान या उपचारांच्या योजनेत कुटुंबातल्या अशा ज्येष्ठांना मिळून वर्षाला 5 लाखांचं संरक्षण आहे. तुम्ही त्यात बसता, कार्ड काढलं नसेल तर आधार घेऊन काढून घ्या. काकूंसाठी राज्याच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेची चौकशी करा. कोणते उपचार आणि कोणती रुग्णालयं यादीत आहेत ते आधी विचारा, सगळीकडे चालत नाही. उरलेल्या रकमेचं व्याज मात्र खर्चायचं. मुद्दलाला हात लावायला मन धजत नसेल तर नका लावू, पण व्याज पुन्हा साठवू नका.

आणि एक टक्का जास्त मिळतो म्हणून पतसंस्थेत टाकू नका, ही कळकळीची विनंती. बँकेतल्या ठेवीला 2020 पासून 5 लाखांपर्यंत विमा आहे, पतसंस्थेच्या ठेवीला तो नाही. आमच्या भागातली एक पतसंस्था बुडाली तेव्हा स्वतःसाठी साडी न घेतलेल्या बायकांचे पैसे त्यात गेले. त्यांच्या घरी हप्त्याला जायचं मला पुढे बरेच दिवस जड जायचं.

तुमची सिनियरची मुदत मार्चमध्ये संपतेय असं तुम्ही शेवटी लिहिलंय. ती संपल्यावर खातं आहे तसं 3 वर्षांसाठी वाढवता येतं, त्यासाठी मुदत संपल्यापासून वर्षभरात अर्ज द्यावा लागतो. नाहीतर ते बंद करून त्यातली हवी तेवढी रक्कम नव्याने गुंतवता येते. तुमच्या बाबतीत मी दुसरा मार्ग धरीन, म्हणजे गुडघ्याचे पैसे आधी बाजूला काढता येतील. पोस्टात जाल तेव्हा काकूंनाही बरोबर न्या, आणि सगळ्या पासबुकांवर नॉमिनीचं नाव आहे ना ते काउंटरवरच तपासून घ्या.