दादा, ती डायनासोरची अंडी नव्हेत
फॉरवर्ड असा: 'डायनोफ्लॅजेलेट सिस्ट नावाचे जीवाश्म म्हणजे डायनासोरची सूक्ष्म अंडी. शास्त्रज्ञ दगड ॲसिडमध्ये टाकतात, तळाशी जे बुडबुडे उरतात त्यांना मनाला येईल ती नावं देतात. एकाच जीवाला दोन नावं, हाच पुरावा!' दादाने तो घरच्या ग्रुपवर टाकला, खाली चार हसरे चेहरे आणि 'बघा, आमच्या बाईसाहेब काय शिकतात'. बाईसाहेब म्हणजे त्याचीच मुलगी, जिऑलॉजीच्या एम.एस्सी.ला. तासाभरात तिने ग्रुप सोडला.

अंड्यांचं आधी उरकतो. डायनासोरमधला 'डायनो' ग्रीकमध्ये भयंकर. इथला 'डायनो' म्हणजे गरगर फिरणं. डायनोफ्लॅजेलेट म्हणजे चाबकासारख्या दोन तंतूंनी गिरक्या घेत पोहणारा एकपेशीय जीव, आणि सिस्ट म्हणजे विश्रांतीच्या काळात तो ज्यात बंद होऊन राहतो ते कवच. उच्चार जुळला की नातं, असं असेल तर गावातल्या सगळ्या जोश्यांना एकच रेशनकार्ड द्या. डायनासोरची खरी अंडी हवीत? मध्य प्रदेशात धारकडे सापडलेल्या 256 अंड्यांचा शोधनिबंध 2023 मध्ये आला. ती 15 ते 17 सेंटिमीटरची. बहुतेक सिस्ट मिलिमीटरच्या दहाव्या भागाहून लहान. आणि ती आजही समुद्रात तयार होतात.

ॲसिडने चुनखडी आणि वाळू-माती विरघळते, चिवट सेंद्रिय कवच उरतं. एरेनबर्ग या जर्मन शास्त्रज्ञाने तर 1830च्या दशकात चकमकीच्या पातळ कपच्यांत ही कवचं पाहिली, ॲसिडचा थेंबही न वापरता. पुढे.

'मनाला येईल ती नावं' यावर मात्र माझं डोकं फिरलं. कवचावरचे काटे पोकळ की भरीव, टोकाला फाटे किती, भिंतीचे थर किती, हे सगळं बघावं लागतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे कवचाचं भोक. आतला जीव बाहेर पडताना कवचाचा ठरावीक तुकडा निखळतो. त्या जागेला आर्किओपाइल म्हणतात. खुद्द एरेनबर्ग या काटेरी गोळ्यांना गोड्या पाण्यातलं शेवाळ समजला होता. पुढे ते 'हिस्ट्रिकोस्फिअर' नावाच्या, ओळख न पटलेल्या जीवाश्मांच्या अडगळीत पडून राहिले. 1961 मध्ये विल्यम एव्हिट या अमेरिकन शास्त्रज्ञाने दाखवलं की भोकाचा आकार आणि काट्यांच्या जागा जिवंत डायनोफ्लॅजेलेटच्या अंगावरच्या चिलखतासारख्या तबकड्यांशी जुळतात. नंतर प्रयोगशाळेत जिवंत सिस्ट रुजवली, तेव्हा आतून पोहणारी पेशीच बाहेर आली. आज नवी जात मांडायची तर लॅटिन किंवा इंग्रजीत वर्णन लागतं, चित्र लागतं, आणि जपून ठेवलेला एक मूळ नमुना लागतो, होलोटाइप. शंका आली की तोच काढून बघायचा. फॉरवर्ड लिहिणाऱ्याचं साधं नाव तरी आहे का खाली?

दोन नावांचं खरं आहे, नाइलाजाने मान्य. पोहणारं रूप लिंग्युलोडिनियम पॉलिएड्रा, सिस्ट लिंग्युलोडिनियम मॅकेरोफोरम. ओळख वेगवेगळी झाली, नातं नंतर कळलं. त्यातच या सिस्टचे काटे कमी खारट पाण्यात आखूड होतात, म्हणजे नुसत्या लांबीवर नवी जात काढणाराही फसू शकतो. पण हे फॉरवर्डवाल्यांनी नाही शोधलं.

पुतणीच्या स्लाइडवर सध्या एक सिस्ट भोक खाली करून पडलंय. पलटता येत नाही, म्हणून फोकस वर-खाली करत ती तीन दिवस तबकड्या मोजतेय. दादा, तिला ग्रुपमध्ये परत घे. त्याआधी ते हसरे चेहरे काढ.