एक पीसी, चौघं खेळणार म्हणे!

शहापूर असो नाहीतर निपाणी, सुट्टी लागली की तेच: "तुमचं ग्राफिक्स कार्ड भारी आहे की हो, चौघांना मोबाईलवर गेम सोडा!" अहो, पीसीवरचा गेम मोबाईलवर पाठवणारं सनशाईन हे सॉफ्टवेअर चौघांना जोडून घेईल, पण दिसणार एकच डेस्कटॉप. एकानं माउस हलवला की चौघांचा कर्सर पळतो. वेगवेगळे गेम हवेत तर लिनक्सवर वुल्फ हे तसंच दुसरं सॉफ्टवेअर टाका, प्रत्येकाला स्वतंत्र स्क्रीन मिळते. पण ग्राफिक्स कार्डची ८ जीबी मेमरी (व्हीरॅम) चौघांत वाटली की वाट्याला २ जीबी. त्यात नवा गेम काय डोंबल चालणार? वर १०८०पी चित्र, सेकंदाला ६० फ्रेम म्हटलं की माणशी साधारण २० एमबीपीएस नेटवर्कचा वेग लागतो, आणि सगळे लटकलेत संथ २.४ गिगाहर्ट्झ वायफायला! निदान पीसीला तरी लॅन केबल लावा म्हटलं, की सगळ्यांचे खिसे शिवलेले.