चालु म्हणजे चालू नव्हे

तेलुगूत 'चालु' म्हणजे पुरे. मराठीतला 'चालू' तुम्हाला माहीत आहेच. या दोन शब्दांच्या कात्रीत सापडून गेल्या पावसाळ्यात आमची १८० किलो सुताची बॅच गेली.

मी सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात प्रॉडक्शन बघते, एकोणीस वर्षं झाली. रंगखात्यातले आमचे मास्तर शहराच्या तेलुगू पूर्व भागातले, साठीला टेकलेले. हाताखाली मोहोळकडचा एक पोरगा, लागून महिनाही झाला नव्हता. त्या दिवशी गडद निळा होता. ज्यांनी रंगखातं पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते : सुती धाग्याला असा रंग देताना आधी मीठ घालतात, मग सोडा. मिठामुळे रंग पाण्यातून सुताकडे ओढला जातो, सोड्यामुळे तो सुताला पक्का धरतो. म्हणून सोडा दमादमानं, टप्प्याटप्प्यानं घालायचा. एकदम ओतला तर लडीची एक बाजू गडद, दुसरी फिकी, आणि मग रंग उतरवण्यापासून पुन्हा सगळं. मास्तरांच्या कानाला फोन होता, घरचा, तेलुगूत बोलणं चाललेलं. पोरानं पहिल्या टप्प्याचा सोडा ओतला. मास्तर फोन न काढता हात हलवून म्हणाले, "चालु, चालु." पोरानं ऐकलं, चालू ठेव. बादली पालथी केली.

मी काय केलं तेही सांगते, कारण ही पोस्ट माझ्या शहाणपणाची नाही. मी सगळ्यांसमोर त्या पोराला झापलं. "कान कुठं ठेवून आलास बे?" असं. मास्तर गप्प राहिले. आपण कुठल्या भाषेत बोललो हे त्यांचं त्यांनाच आठवत नव्हतं. दुसऱ्या दिवशी खरा प्रकार कळला तेव्हा मी आणखी मोठं डोकं चालवलं. बोर्डावर नोटीस लावली : "कामाच्या वेळेत सर्वांनी फक्त मराठीतच बोलावे." टाइप मीच केली, खाली सहीही माझीच.

मराठीवरचं माझं प्रेम कुणाहून कमी नाही, हे आधीच सांगते, नाहीतर खाली भलतंच भांडण लागायचं. माझा हिशेब साधा होता. भाषा एक असली की अर्थ एक, अर्थ एक असला की चूक नाही.

आठवडाभरात शिलाई खातं शांत झालं. मला वाटलं, शिस्त लागली. मालकांनाही तेच वाटलं.

आमच्याकडे मशीनची सुई तुटली की तिचे सगळे तुकडे शोधायचे, चिकटपट्टीनं रजिस्टरात लावायचे, मगच नवी सुई मिळते. परदेशी मालाला हा नियम फार कडक, आणि तो बरोबरच आहे. टॉवेलातलं टोक उद्या कुणाच्या लेकराच्या तोंडावरून फिरेल. तर एक दिवस एका मशीनवर सुई तुटली आणि टोक उडालं. दोन मशीन पलीकडे बसणाऱ्या, तेवीस वर्षं शिलाईत काढलेल्या अक्कांनी ते टोक एका टॉवेलच्या घडीत शिरताना पाहिलं. एरवी त्या जागेवरूनच ओरडल्या असत्या. त्या दिवशी उठल्या, मला शोधत ऑफिसपर्यंत आल्या, मी फोनवर होते म्हणून दाराशी उभ्या राहिल्या. तोवर गठ्ठा पॅकिंगला गेला. रात्री नऊपर्यंत आम्ही ४० खोकी फोडून एकेक टॉवेल मेटल डिटेक्टरमधून काढत होतो.

"अक्का, जागेवरून ओरडायचं की हो! मराठी येतंय की तुम्हाला."

"येतंय की ओ मॅडम. घाईत येत नाही."

हे वाक्य मी घरी नेलं, जेवताना चघळलं, रात्री झोपताना चघळलं. ठेच लागल्यावर मी 'आई गं' म्हणते, ते काही विचार करून म्हणत नाही. मग एकोणीस वर्षं माझ्याशी नीट मराठीत बोलणाऱ्या बाईच्या तोंडून घाईत काय निघेल? तेलुगूच. आणि नेमकं तेच मी बंद करून ठेवलं होतं. शिस्त लागलीच नव्हती, लोकांनी एकमेकांना सावध करणं सोडलं होतं.

बोर्डावरची नोटीस उतरवली. त्याऐवजी खात्याखात्यात बसून कामापुरते शब्द ठरवले, फार नाहीत, सात-आठ. थांबवायचं असेल तर 'बस' आणि पंजा वर. 'बस' तेलुगूवाल्यांना कळतं, कन्नडवाल्यांना कळतं, नई जिंदगी या मुस्लीमबहुल वस्तीतून येणाऱ्या टेलरांना कळतं, बिहारहून आलेल्या पोरांना कळतं. बाकी कुणी कुठल्या भाषेत ओरडायचं ते ओरडा. मास्तर अजून फोनवर बोलतात. ते काही मला बंद करता आलेलं नाही.

या सगळ्यानंतर तीन महिन्यांनी, बायरच्या ऑडिटमध्ये पाहिजे म्हणून, आमच्याकडे 'कामाच्या ठिकाणचे वैविध्य व्यवस्थापन' अशी एक दिवसाची कार्यशाळा झाली. पुण्याहून सर आले होते. माणूस चांगला, तळमळीचा. पण स्लाइडवर सगळे गोरे-सावळे लोक एकाच काचेच्या टेबलाभोवती हसत बसलेले. आमच्या शिलाईतल्या बायका एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या. "हे इतकं हसतंय कशाला, पगार झालाय का?" दुपारी सरांनी विचारलं, तुमच्याकडे वैविध्याचे काय प्रश्न आहेत? मी उभी राहून फुशारकीनं सांगितलं, "सर, आमच्याकडे प्रश्नच नाही. मला सगळे सारखेच."

सगळे टाळ्या वाजवतील असं वाटलं होतं. मागच्या रांगेतल्या एका टेलर भाईंनी हळूच मान खाली घातली. मला ते दिसलं आणि का ते लगेच कळलं, म्हणून आज इतकं लिहितेय.

त्या वर्षी रमजान मार्चात होता. त्यांनी मला विचारलं होतं, मॅडम, पाचची चहाची सुट्टी मला नको, तीच दहा मिनिटं साडेसहानंतर द्या, रोजा सोडायला. एका मिनिटाचंही जास्त मागितलं नव्हतं. मी म्हटलं होतं, भाई, एकाला दिलं की सगळ्यांना द्यावं लागतं, नियम सगळ्यांना सारखा. तो महिनाभर माणूस सूर्य मावळल्यावर मशीन न थांबवता एका हातानं खजूर तोंडात टाकत होता. आणि माझा नियम? पाचला चहा, कारण पाचला मला चहा लागतो. रविवारी सुट्टी. जेवायला साडेबारा, कारण आमच्या घरी साडेबाराला पानं वाढतात. 'सगळे सारखेच' म्हणजे सगळे माझ्यासारखे, हे इतक्या वर्षांत एकदाही डोक्यात आलं नाही.

आणि आपण सोलापूरकर तर या बाबतीत जास्तच भाव खातो. आमच्याकडे रिक्षावाला चार भाषा बोलतो, हे पाहुण्यांना आपण दरवेळी ऐकवतो. ते खरंही आहे. १८७७ साली जुनी मिल सुरू झाली, गिरण्या वाढल्या, तेलंगणातून पद्मशाली विणकर आले, कर्नाटक तर शेजारीच. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फासावर गेलेले मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा ही चार नावं नुसती ओळीनं वाचली तरी शहर कसं आहे ते कळतं. दरवर्षी चार हुतात्मा पुतळ्यांना आपण हार घालतो, त्याच आठवड्यात गड्ड्यात, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेत, पोटभर फिरतो. पण शेजारी राहून शेजाऱ्याचं काही माहीत नसणं ही कलाही आपल्यालाच साधलीय. एकोणीस वर्षांत नारळी पौर्णिमेला आमच्या खात्यातल्या निम्म्या बायका 'आजारी' का पडतात हे मी कधी विचारलं नव्हतं. पद्मशालींचं दैवत मार्कंडेय, त्याचा रथ असतो त्या दिवशी. मी आपली गैरहजेरीचा शेरा मारत बसले.

उलटंही पाहिलंय. माग खात्यात आवाज इतका की दोन हातांवरचं बोलणं ऐकू येत नाही. तिथं सगळे ओठ वाचतात, खुणा करतात. धागा तुटला, बीम संपलं, चहा आला, मालक आले, प्रत्येकाची खूण ठरलेली. दोन वर्षांपूर्वी एक जन्मापासून ऐकू न येणारा मुलगा आला. मालक नको म्हणत होते. तो पंधरा दिवसांत त्या खात्यात मुरला, कारण तिथं आधीपासून सगळेच बहिरे. त्याची अडचण कुठं झाली असेल तर पगाराच्या खिडकीवर, जिथं नाव पुकारतात. कॅशियरनं कागदावर नावं लिहून लावायला सुरुवात केली, तेवढ्यानं भागलं. मग बाकीच्यांचाही रांगेतला वेळ वाचला, पण त्याचं श्रेय त्याला कुणी दिलं नाही.

आता एक गोष्ट, जी मला सगळ्यात जड जाते. मागच्या वर्षी पॅकिंगला एक नवी मुलगी आली, बारावी झालेली, हाताला चपळ. पहिल्या दिवशी डबा खाताना तिला विचारलं गेलं, आडनाव काय गं? आपल्याकडे पहिला प्रश्न तोच असतो आणि तो आडनावासाठी नसतो. तिनं सांगितलं. दुसऱ्या दिवशी माठावरच्या स्टीलच्या ग्लासाशेजारी एक काचेचा ग्लास आला. कुणी आणला, कुणी काही बोललं, काही नाही. मी पाहिला. दोन दिवस मी तो पाहूनही पाहिला नाही, कारण आणणाऱ्या बाया जुन्या, कामाच्या, आणि डिस्पॅचची तारीख तोंडावर.

कार्यशाळेत हा विषय 'संवेदनशीलता' या खान्यात आला असता. माझं मत वेगळं आहे. भाषा, सण, रोजा, डबा यांत सांभाळून घ्यायचं, वेळा सरकवायच्या, शब्द शिकायचे. माठावरच्या दुसऱ्या ग्लासात सांभाळून घेण्यासारखं काही नाही. घटनेच्या १७ व्या कलमानं अस्पृश्यता बंद केली आणि ती पाळणं गुन्हा ठरवला, आणि तरी माझ्या खात्यात ती दोन दिवस माझ्या नजरेखाली उभी होती. तिसऱ्या दिवशी मी तो ग्लास उचलला, सगळ्यांना माठापाशी बोलावलं आणि मोजून चार वाक्यं बोलले. दोघी जणी त्या दिवसापासून घरून बाटली आणतात. त्यांना मी काही करू शकलेले नाही. ती मुलगी दिवाळीनंतर दुसरीकडे लागली. जाताना पाया पडायला वाकली तेव्हा मला इतकं अवघडलं की मी तिचे हात मध्येच धरले. मला तिला विचारायचं होतं, त्या दोन दिवसांत तू काय प्यायलीस? विचारलं नाही.

तर सध्या पुढच्या वर्षाच्या सुट्ट्यांची यादी माझ्या टेबलावर आहे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर सोडून बाकीच्या दिवसांतले चार दिवस ज्यानं त्यानं आपापले निवडावेत, असा प्रस्ताव मी दिलाय. गड्डा, ईद, १४ एप्रिल, मार्कंडेय रथ, छठ, ज्याला जे हवं ते. मालकांचं म्हणणं, नारळी पौर्णिमेला निम्मं शिलाई खातं रिकामं झालं तर मशीन कोण चालवणार? ते चूक नाहीत, ऑगस्ट म्हणजे आमचा भर. मी म्हटलं, त्या दिवशी नई जिंदगीचे टेलर जादा पाळी करायला तयार आहेत, मी विचारलंय. आणि ईदला अक्का म्हणाल्या, आम्ही बसतो की ओ, आम्हाला शिरखुर्मा तेवढा पाठवायला सांगा. यावर मालक अजून काही बोललेले नाहीत. सोमवारी पुन्हा बसायचंय. एमआयडीसीत कुणी अशा सुट्ट्या लावून पाहिल्या असतील तर रजिस्टर कसं ठेवता तेवढं कळवा, कारण पहिला आक्षेप तिथूनच येणार आहे.