मुंबई–लंडन नऊ तास, पण रत्नागिरी–लंडन?

लंडनला किती वेळ लागतो असं विचारलं की नेटवरचा आकडा तोंडावर येतो: सुमारे ७,२०० किलोमीटर, नऊ-साडेनऊ तास. आकडा खरा आहे, पण तो मुंबईच्या विमानतळापासूनचा. गुहागर, रत्नागिरी, राजापूरच्या माणसाने त्याच्या भरवशावर घर सोडू नये, हे माझं ठाम मत आहे.

येतानापेक्षा जाताना वेळ जास्त लागतो त्याचं कारण वारा. विमान उडतं त्या उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो आणि हिवाळ्यात तो आणखी वाढतो. विमानाचा वेग ताशी ९०० धरला तर ७,२०० किलोमीटरला आठ तास. समोरून ताशी १०० चा वारा आला की तेच अंतर नऊ तासांचं. त्यात धावपट्टीवरचा वेळ आणि वळणाचा मार्ग मिळवा. येताना हाच वारा पाठीशी असतो.

तिकिटावरच्या वेळा त्या-त्या गावच्या असतात. लंडन आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेचार तास मागे, हिवाळ्यात साडेपाच. दुपारी २ ला सुटून संध्याकाळी सव्वासातला उतरलं, म्हणजे सव्वापाच नव्हे, उन्हाळ्यात पावणेदहा तास झाले. आणि तारीख नीट बघा! १२ तारखेला पहाटे दीडचं विमान म्हणजे ११ च्या सकाळीच घर सोडायचं. इथे भलेभले फसतात.

हिशोब नेहमी उलटा करावा. समजा विमान पहाटे साडेपाचला आहे. चेक-इन काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो, त्याआधी दोन तास हाताशी हवेत, म्हणून अडीचपर्यंत सहारला, म्हणजे मुंबईच्या आंतरराष्ट्रीय विमानतळावर पोचायचं. गाडीतून ठाण्याला उतरून रात्री टॅक्सीला एक तास धरा. कोकण रेल्वेचा मार्ग बराचसा अजून एकेरी आहे, समोरच्या गाडीला वाट द्यायला क्रॉसिंगला गाडी अडकते, म्हणून तीन तास लेट धरूनच चला. म्हणजे वेळापत्रकाप्रमाणे रात्री साडेदहापर्यंत ठाण्याला पोचणारी गाडी हवी. जून ते ऑक्टोबर पावसाळी वेळापत्रक असतं, गाड्या हळू चालतात. तेव्हा त्याच्याही आधीची गाडी घ्या, किंवा सरळ आदल्या दिवशी मुंबई गाठा. गणपतीत महामार्गाने जायचा विचारही करू नका. दारापासून दारापर्यंत चोवीस तास धरा, त्यातले आकाशातले जेमतेम दहा.

आता तिकिटावर विमानतळाचं नावही वाचायला हवं. नवी मुंबईचा विमानतळ असेल तर पनवेलला उतरायचं, ठाण्याला नव्हे. सावंतवाडी-वेंगुर्ल्याच्या लोकांनी आधी मोपा, म्हणजे उत्तर गोव्यातला विमानतळ बघावा, मुंबईपर्यंतचा रेल्वे-रस्त्याचा प्रवासच वाचतो.

एक कळकळीने सांगतो. मोपा–मुंबई आणि मुंबई–लंडन अशी दोन वेगळी तिकिटं स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका. पहिलं विमान उशिरा आलं तर दुसरी कंपनी जबाबदारी घेत नाही, शिवाय बॅग मुंबईत उतरवून पुन्हा जमा करावी लागते. एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग क्रमांकावर, दोन्ही टप्पे असतील तर विमान चुकल्यास पुढची सोय कंपनी करते आणि बॅग सहसा थेट लंडनला जाते. काउंटरवर बॅगेच्या पट्टीवर शेवटचं गाव कोणतं छापलंय, तेवढं वाचून घ्या.