इरल्याच्या जागी छत्री, आणि वर म्हणे 'मॅडम, स्टाइल आहे ती'

पोरांसाठी पुस्तक लिहिलंय, त्याची चित्रं चित्रकारानं पाठवली. पहिल्यात आजी शेतात वाकून रोप लावतेय आणि तिच्या एका हातात छत्री आहे. छत्री! दुसऱ्या हातात रोपांची मूठ. मग लावते कशानं? एका हातात मूठ धरायची, दुसऱ्या हातानं चार काड्या सोडवून चिखलात रोवायच्या, आणि पाऊस झेलायला पाठीवर इरलं. दोन्ही हात मोकळे राहावेत म्हणून तर इरलं असतं ना! आमच्या बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातलं कुठलंही पोर झोपेतून उठवा, ते सांगेल.

आणि मी फोटो पाठवले नव्हते असं नाही. पुढून, मागून, आतून बांबूची वीण दिसेल असा, वाकलेल्या बाईच्या पाठीवर ते कुठवर येतं तो बाजूनं काढलेला. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो बारीक होतात म्हणून परत मेल केले. "मिळाले मॅडम, मस्त रेफरन्स आहेत." मस्त आहेत तर उघडून बघायला काय झालं होतं? फोन केला तर शांतपणे म्हणतो, "मॅडम, स्टाइल आहे ती." अरे बाबा, रेघ तुझी, रंग तुझे, आजीचं नाक लांब कर नाहीतर चपटं कर, ती स्टाइल. छत्री ही स्टाइल नाही. छत्री म्हणजे तू बघितलं नाहीस.

खरा कहर पुढच्या पानावर. पोरीच्या डाव्या हाताला सहा बोटं. आधीच्या पानावर दोन वेण्या, इथं एकच. मागं लाल बस उभी आहे, तिच्या पाटीवर जे लिहिलंय ते ना मराठी ना कानडी, नुसत्या अळ्या. या बेळगावात पाट्यांवर कुठली अक्षरं असावीत यावरून आमच्या दोन पिढ्या भांडल्या, आणि माझ्याच पुस्तकात ही कुठलीच नसलेली अक्षरं! तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. सुरुवातीला नमुना म्हणून दाखवलेली चित्रं हातानं काढलेली होती, सुंदर होती. ही मशिनकडून, एआयकडून काढून घेतलेली. रफ स्केच मागितलं तर "मी डायरेक्ट फायनलच करतो." चित्राचे थर सुटे दिसतील अशी लेयरची फाइल मागितली तर एकसंध जेपीजी. हातानं काढण्याचे पैसे घेतलेस ना रे? करारात तसं लिहिलंय, खाली तुझी सही आहे.

शेकरू तर बघवत नाही. भीमगडच्या रानातलं शेकरू, तपकिरी-तांबूस पाठ, पोटाकडं फिकं, अंगापेक्षा लांब झुबकेदार शेपूट, फांदीवरून फांदीवर झेप घेणारं. यानं काय दिलं? करड्या रंगाची विलायती खार, जमिनीवर बसलेली, पुढच्या दोन पायांत ओकचं फळ. कणकुंबीत ओक! मलप्रभा जिथं उगम पावते त्या गावात! माती पिवळी, घरं गोल झोपड्या, वर गवत. आमच्या जांबोटीकडची लाल माती, चिऱ्याच्या भिंती, कौलं, पावसाळ्यात भिंतीवर चढणारं शेवाळ, सगळे फोटो दिले होते.

बरं, मजकुरासाठी जागा सोडा म्हणून प्रत्येक पानाचा चौकोन आखून दिला होता. चौकोनात ढग, झाडं, कोंबड्या, सगळं भरलेलं. दोन पानी चित्रात आजीचा चेहरा बरोब्बर मध्ये, म्हणजे बाइंडिंगच्या शिवणीत अर्धं नाक गेलं. कडेला कटिंगसाठी तीन मिलिमीटर जास्त सोडायचे असतात हे प्रिंटरचा पोऱ्यासुद्धा जाणतो, यानं पोरीचे पाय कडेला टेकवलेत. आणि हे सगळं दुरुस्त करून दे म्हटल्यावर उत्तर काय यावं? "दोन रिव्हिजन झाल्या मॅडम, आता एक्स्ट्रा चार्ज पडेल." छत्री काढायचे एक्स्ट्रा! सहावं बोट काढायचे एक्स्ट्रा! हे वाचल्यापासून माझं डोकं ठिकाणावर नाही.

याच्या आधीचा तर इथलाच होता. हात सोन्याचा, पण गणपती झाल्यावर देतो, मग दिवाळी झाल्यावर, मग यात्रा झाल्यावर. शेवटी फोन उचलणंच बंद. तरी त्यानं ॲडव्हान्स परत केला, एवढं त्याचं ऋण.

आणि भोवतालची माणसं! "पोरांचंच पुस्तक आहे की ओ, एवढं काय मनावर घ्यायलाय?" पोरांचं आहे म्हणूनच घेतेय. मोठा माणूस चुकीचं चित्र बघून पान उलटेल. सहा वर्षांचं पोर त्याच पानावर बोट ठेवून बसतं, कोंबड्या मोजतं, आजीच्या लुगड्याचा काठ बघतं. सीमाभागातल्या मराठी शाळेतल्या पोराला पुस्तकात स्वतःचं गाव कधी दिसतं सांगा? पुण्याकडच्या पुस्तकात डेक्कन जिमखाना, इंग्रजी पुस्तकात बर्फ. एकदा, फक्त एकदा, त्याची आजी इरलं घेऊन पानावर यावी म्हणून हा खटाटोप चाललाय.

दुसरे म्हणतात, "चित्रांना एवढे पैसे? भाची काढून देईल की." बत्तीस पानांचं पुस्तक, त्यातली बहुतेक चित्रांचीच, महिनोन्महिने बसायचं काम, आणि भाची! चित्रकाराला पोटभर पैसे द्यायलाच हवेत असं मी ज्याला त्याला सांगत आलेय, म्हणून जास्त लागलं. ज्या बेळगावात 1935 साली चित्रकार रवी परांजपे जन्मले, के. बी. कुलकर्णींच्या हाताखाली शिकले आणि पुढं इलस्ट्रेशनलाच आयुष्य दिलं, त्या गावात मला 'नुसतं बघून काढ' म्हणून हात जोडावे लागतायत.

ही चित्रं छापणार नाही. शाळा सुरू व्हायच्या आत पुस्तक आलं नाही तर न येऊ दे. उरलेले पैसे देणार नाही, दिलेले परत मागणार, करार घेऊन वकिलाकडं जाणार. आणि इकडचा कुणी चित्रकार हे वाचत असेल तर कळवा. दर तुमचा, अर्धे पैसे आधी, मुखपृष्ठावर तुमचं नाव माझ्याइतक्याच मोठ्या अक्षरात. अट एकच. रोप लावणीच्या दिवसांत माझ्याबरोबर बांधावर येऊन उभं राहायचं, वही घेऊन.